भोकात दडलेलं मोल

जुन्या लाल मण्यांची माळ हाती आली की घरात पहिला प्रश्न येतो, "खरी आहे का?" आणि पाठोपाठ दुसरा, "किती येतील?" पहिल्याचं उत्तर तसं सोपं आहे. दुसऱ्यासाठी मात्र थोडं मागे जावं लागतं, साधारण साडेचार हजार वर्षं!

आधी ओळख. अकीक आणि कार्नेलियन ही गारगोटीच्याच कुळातली भावंडं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, लाव्हा थिजताना राहून गेलेल्या पोकळ्यांमध्ये सिलिका साचून ती तयार झाली. पट्टे दिसले तर अकीक, एकसंध लालसर असेल तर कार्नेलियन. लाली लोहाची, आणि बरेचदा भट्टीचीही. गुजरातेत रतनपूरचे दगड तापवून लाल करायची रीत फार जुनी. त्यामुळे रंग गडद म्हणून मणी भारी, असं काही नाही. भिंगातून आत बुडबुडे दिसले तर बहुधा काच समजा.

गंमत अशी की दगड म्हणून हा काही फार महाग नव्हे. खरी गोष्ट आहे ती मण्याच्या भोकात.

हडप्पा काळातल्या कारागिरांकडे लोखंड नव्हतं. एका अतिशय कठीण दगडाची बारीक टोकं घडवून ते भोक पाडत. चन्हुदडो खणणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून संशोधकांनी त्या दगडाला अर्नेस्टाइट म्हटलं. केनोयर यांनी तसं टोक वापरून पाहिलं, तेव्हा तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडलं. म्हणजे १० सेंटीमीटरच्या मण्याला नुसत्या भोकासाठी ४० तास! दोन्ही बाजूंनी कोरत येऊन मध्ये गाठायचं, आणि एवढ्यात मणी तडकला तर सगळं मुसळ केरात. पुढे हिऱ्याचं टोक आलं आणि काम झपाट्याने होऊ लागलं. त्या भोकाच्या आत बारीक वळी दिसतात, अर्नेस्टाइटचं भोक गुळगुळीत असतं. जाणकार वय ओळखतात ते असं, भोकात डोकावून.

हे मणी इराकमधल्या उर शहराच्या राजघराण्यातल्या थडग्यांपर्यंत पोचले होते. त्यानंतर सुमारे अडीच हजार वर्षांनी आपलं पैठणही या व्यापारात दिसतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गाड्या भरभरून पट्टेदार दगड भडोचला जात असल्याची नोंद आहे. रोमन लोकांना मुद्रेच्या अंगठीसाठी कोरीव कार्नेलियन आवडे, कारण त्याला मेण चिकटत नाही.

पण मोलाची दुसरी बाजूही बघा. खंबायतला आजही अकीक घासले जातात. घासताना उडणारी धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. हा रोग बरा होत नाही. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या माळेची उरलेली किंमत कोणीतरी श्वासाने चुकवलेली असते. घासाघीस करताना हे आठवलं तरी पुरे.

आणि एक मोल असं, जे पैशात येतच नाही. मोहेंजोदडोला लांब कार्नेलियन मण्यांचा एक कमरपट्टा सापडला होता. फाळणीनंतर पुराणवस्तूंची वाटणी झाली तेव्हा तो उसवून निम्मे मणी भारताला, निम्मे पाकिस्तानला दिले गेले. हिशेब चोख झाला, पण ज्याने तो ओवला त्याचा कमरपट्टा मात्र कुठेच उरला नाही.

म्हणून नातेवाइकांना एक विनंती. घरात अशी माळ असेल तर मणी सुटे करून वाटू नका. कोणी एकाने सांभाळा, बाकीच्यांनी हक्काने बघायला जा. आणि ती कोणाची, कुठून आली, कोणी घातली, हे एका चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा. जमिनीतून मणी उचलला की त्याची अर्धी हकिगत मातीतच राहते. घरातला मणी निदान आपल्या हाताने मुका होऊ नये.