बारी तिची, नाव कुणाचं?

सोनईहून पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली आपली पोरं सुटीत येऊन सांगतात, तिकडं छोट्या क्लबात एका रात्रीत तीन-चार रॉक बँड वाजवतात. एक उतरला की दुसरा चढतो. ऐकून आम्ही म्हटलं, अगं, ही तर बारी! आपल्या मुलखात ही रीत जुनीच आहे. फक्त त्या रात्रीला आपण बायका कधी गेलो नाही. म्हणून आज तिच्याबद्दल बोलू.

बारी म्हणजे पाळी. तमाशाचे दोन प्रकार. ढोलकी फडात गण, गवळण, बतावणी आणि वग असतो. हा फड जत्रेजत्रेला फिरतो. संगीत बारीत वग नसतो, नुसतं गाणं आणि नाच. ती एका जागी, थिएटरात चालते. पुण्याचं आर्यभूषण, दौंड तालुक्यातलं चौफुला, सोलापूर जिल्ह्यातलं मोडनिंब आणि आपल्या जिल्ह्यातलं जामखेड ही तिची माहितीतली ठिकाणं.

एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात. पार्टीत गाणारी, नाचणाऱ्या मुली, पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला. पार्टी ओळखली जाते ती बहुधा बाईच्या नावानं. एकेक पार्टी स्टेजवर येऊन आपली बारी करते. मग ज्याला जी पार्टी आवडली तो तिची वेगळी बैठक लावतो. बैठकीच्या लावणीत बसून अदा करायची. एकच ओळ पुन्हा पुन्हा गायची आणि दर वेळी डोळ्यांनी, भुवईनं, बोटांनी तिचा नवा अर्थ दाखवायचा. हे वर्षानुवर्षांच्या मेहनतीशिवाय येत नाही. लावणीच्या याच सेवेसाठी वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली.

तमाशात पूर्वी बाईचं काम पुरुषच करायचे. त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. आपल्याच जिल्ह्यातल्या, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाई तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या पहिल्या बाई मानल्या जातात. त्या महार समाजातल्या. ब्राह्मण घरातून आलेले शाहीर पठ्ठे बापूराव आणि त्या एकाच फडात उभे राहिले. त्या काळी हे साधं नव्हतं.

आता मुद्द्याचं बोलू. बारीतल्या कितीतरी बाया कोल्हाटी समाजातल्या. जी मुलगी नाचायला उभी राहायची, तिचं लग्न होत नसे. तिच्या कमाईवर आईबाप जगायचे, भावांचे संसार चालायचे. घरची कर्ती तीच. पण ज्या पुरुषाशी तिचा संबंध यायचा, तो तिच्या लेकराला आपलं नाव देईलच असं नव्हतं. शाळेत गुरुजींनी बापाचं नाव विचारलं, की पोरानं मान खाली घालायची.

असंच एक पोर शिकून डॉक्टर झालं आणि त्यानं आपली कहाणी लिहिली. ‘कोल्हाट्याचं पोर’ हे पुस्तक १९९४ साली आलं. लेखकाचं नाव किशोर शांताबाई काळे. शांताबाई म्हणजे त्यांची आई. बापाच्या नावाच्या जागी त्यांनी आईचं नाव लावलं. आईची कला, तिची ओढाताण आणि घरच्यांनी तिच्या कमाईवर केलेली मजा, काहीच लपवलं नाही.

त्याला तीस वर्षं झाली, आणि महाराष्ट्र सरकारनं ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या सरकारी कागदावर आधी त्याचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येईल. आज ते नाव लिहिताना आपल्याला बरं वाटतं. पण नाचणाऱ्या बाईचं पोर ते नाव सांगायचं, तेव्हा आपण काय म्हणायचो? ‘तमासगिरिणीचं पोर’ ही आपल्याकडं शिवीच होती, आणि ती आपल्याही तोंडून गेलेली आहे.

आता शहरांत खास महिलांसाठी लावणीचे कार्यक्रम होतात. बायका शिट्ट्या वाजवतात, स्वतः नाचतात. कधी जमलं तर जरूर जा. टाळी वाजवताना एवढं लक्षात ठेवा, की समोर नाचणारी बाईही आपल्यासारखीच घर चालवते. कार्यक्रम संपला की तिला तिचं नाव विचारा, आणि घरी आल्यावर ते नाव नीट घ्या.