सायकलींच्या दुकानातून निघालेला नांगर

तुमच्या आळीत एखाद्याचे किराणा दुकान बरे चाललेले असते. एक दिवस मुलगा म्हणतो, "आबा, आता पिठाची गिरणी घालू." आबांच्या पोटात गोळा येतो. चालत्या धंद्याचा पैसा न चालणाऱ्या धंद्यात किती दिवस ओतायचा?

बेळगावच्या किर्लोस्कर बंधूंपुढे हाच पेच होता. १८८८ साली त्यांनी सायकलींचे दुकान काढले. रामूअण्णा दुकान पाहत. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. पुढे बढती हुकली, तेव्हा नोकरी सोडून तेही बेळगावला आले. (शिक्षकबंधूंनी हे लगेच मनावर घेऊ नये!)

सायकलींनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असे लोक म्हणत. पण शेतकऱ्याला अडाणी म्हणण्याची घाई करू नका. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देई; लोखंडी मोडला तर थेट बेळगावची वाट, आणि वर रोकड मोजायची. वर्षाचे पीक ज्याच्यावर अवलंबून, ते अवजार तो उगाच कसे बदलील? पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. तोवर लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही, आणि कडबायंत्रही बंद केले नाही. मला यातले दुसरे अधिक महत्त्वाचे वाटते.

पुढे बेळगावची जागा गेली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ माळ दिला. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० मध्ये तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. नांगरवाल्यांचे मासिक! पण ती हकीकत निराळी.

१९४६ मध्ये मात्र घराण्याने वेगळी चाल केली. तेलावर चालणारी इंजिने पुण्याला आणि विजेच्या मोटारी बंगळूरला, त्याही स्वतंत्र कंपन्या काढून. वाडीतच दोन शेड वाढवणे सोपे होते. पण नांगराचा धंदा हंगामी. त्याच्या खतावणीत नव्या इंजिनाचा पहिल्या वर्षांचा तोटा घातला असता, तर जुन्या मंडळींनी तो दर दिवाळीला बोट दाखवून वाचला असता. वेगळे घर म्हणजे वेगळा हिशेब, आणि त्याला जबाबदार असा वेगळा माणूस.

वाडीत पंपांचे काम राहिले. ते आजही चालू आहे.