जिवंत खुंट, जिवंत खुर्ची



खुर्ची म्हटली की सुतार आला, करवत आली. पण झाड उभं असतानाच त्याला खुर्चीचा, कमानीचा आकार देता येतो. नवल वाटेल, पण ही विद्या आपल्याला परकी नाही बरं का!

जुने पानमळे आठवा. वेलाला वाळका वासा देत नसत. शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा आधी वाढवायचा, मग त्यावर पानवेल चढवायचा. सावली वेलाला, छाटलेला पाला जनावराला. नाशिककडे एकोणिसाव्या शतकात द्राक्षवेलालाही पांगाऱ्याचा जिवंत खुंट असे. पुढं लोखंडी अँगल आणि तारेचा मांडव आला. ते बरोबरच झालं. कारण जिवंत खुंट वेलाच्या वाटचं पाणी खातो आणि सारखा छाटावा लागतो. पण द्राक्षाबरोबर बांधावरचा खुंटही गेला, हे मात्र नुकसानीचं.

दुसरी विद्या भेटकलमाची. आंब्याचं रोप आणि चांगल्या झाडाची फांदी, दोन्हींची साल तासून घट्ट बांधली की काही महिन्यांत लाकूड एकजीव होतं.

याच युक्तीवर अमेरिकेत जॉन क्रुबसॅक यांनी १९०३ साली बियांपासून रोपं करायला घेतली. ती वाकवून, बांधून, एकमेकांत जुळवून १९१४ साली त्यांनी अख्खी खुर्ची कापून काढली. अकरा वर्षांचं पीक म्हणा ना! कॅलिफोर्नियातले ॲक्सेल अर्लंडसन तर घेवड्याचे शेतकरी. कुंपणात दोन फांद्या आपोआप जुळलेल्या पाहून १९२५ पासून ते झाडांना आकार देऊ लागले. सहा झाडं गोलात लावून त्यांची त्यांनी जाळीदार टोपली केली. १९६४ साली ते वारले. त्यांची काही झाडं गिलरॉयच्या बागेत आजही उभी आहेत.

आपल्या देशात मेघालयातले खासी लोक रबराच्या वडाची मुळं सुपारीच्या पोकळ खोडातून ओढ्यापलीकडे नेतात. अशा पुलाला पिढी जाते, पण तो वर्षागणिक मजबूत होतो.

सोमेश्वरनगर भागात कालव्याचं पाणी आहे, तिथं एवढं तरी करून पाहा :

१. पावसाळ्याच्या तोंडी बांधावर शेवगा, पांगारा किंवा गिरिपुष्पाचे मनगटाएवढे फाटे लावा. उसाच्या सरीपासून दूर ठेवा. ते रुजून दणकट झाले की त्यावर दोडका, घेवडा चढतो.

२. फांदी कोवळी, हिरवी असतानाच वळवा. जून फांदी मोडते.

३. तारेनं आवळू नका. तार सालीत रुतून फांदी वाळते. मऊ सुतळी वापरा, महिन्या-दोन महिन्यांनी सैल करा.

४. शेवग्याचं लाकूड ठिसूळ. त्याचा बसायला बाक करू नका.

पाला शेळीला, सावली माणसाला, आणि खुंट विकत आणायचा खर्च वाचला. बांध तेवढा कोरू नका, म्हणजे झालं.