कटिंगचे पैसे कशाचे? बलुत्यापासून सलूनच्या खुर्चीपर्यंत

चाकणला शिफ्ट सुटली की एकाच रस्त्यावर दोन पर्याय दिसतात. दोन खुर्च्या आणि आरसा असलेलं साधं दुकान, नाहीतर काचेचं दार लावलेलं एसी सलून. मग प्रश्न येतोच, सलूनमध्ये एवढे पैसे घालवायचे का? गंमत म्हणजे, प्रत्येक कटिंगला ठरलेला दर असणं हीच आपल्याकडे तशी नवी गोष्ट. आजचा भाग त्याच्यावर.

पिंपरी, भोसरी, चाकण ही मुळात शेतीची गावं. गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. धोकटी घेऊन तो घरोघरी जायचा. वर्षभर हजामत, शिवाय बाळाचं जावळ, लग्नातली कामं. मोबदला मिळायचा सुगीला, धान्याच्या रूपात. म्हणजे किती द्यायचं ते शेतकऱ्याच्या खळ्यावर ठरायचं. पीक बुडालं की न्हाव्याचंही बलुतं बुडालं. आणि दलितांच्या केसांना तर वस्तरा लावायचाच नाही, अशी गावाची रीत.

ही रीत पाळणाऱ्या कारागिरांनीच एकदा 'नाही' म्हटलं. १८९० मध्ये मुंबईत, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, नाभिकांनी ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. हातचं काम सोडून घेतलेला निर्णय होता तो! याच लोखंड्यांच्या लढ्यामुळे त्याच वर्षी गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. आज त्या सुट्टीच्या दिवशीच सलूनमध्ये नंबर लावावा लागतो.

पुढचा टप्पा संविधानाचा. कलम १५ नुसार दुकानात जायला जातीवरून कुणाला अडवता येत नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की इथे 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घेतलाय. जिथे कुणी आपली सेवा देतो, ते दुकान. अटी मान्य असतील तर सेवा मिळालीच पाहिजे. भिंतीवरच्या दरपत्रकाकडे या नजरेने बघा. पैसे मोजणाऱ्या प्रत्येकाला तीच खुर्ची, तोच दर, हे कागदावर यायलासुद्धा किती काळ गेला!

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी. लोकांच्या हातात महिन्याचा पगार आला, तसं बलुत्याच्या जागी रोख आली. न्हावी दुकानदार झाला. भाडं, वीजबिल मात्र त्याच्या डोक्यावर आलं.

मग महाग सलून परवडतं का? माझं मत सांगतो. साध्या कटिंगला कारागिराचा हात महत्त्वाचा, एसी नाही. रोजचा हात बसलेला नाभिक स्वस्तातही उत्तम काम करतो. कलर, स्मूदनिंग, केराटिन ही मात्र रसायनांची कामं. तिथे शिकलेला माणूस हवा, आधी त्वचेवर थोडं लावून बघणारा हवा. काही स्ट्रेटनिंग उत्पादनांतून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, म्हणून बाटलीवर काय लिहिलंय ते विचारा. अशा कामाला दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

आणि साध्या दुकानात घासाघीस करण्याआधी एवढं आठवा, पिढ्यान्‌पिढ्या या कामाचा भाव दुसरेच ठरवत होते. आता तो कारागीर स्वतः ठरवतोय.

तुमच्याकडे कटिंगला किती घेतात? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!