गटारातली खबर

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून बाबा आले होते. डब्लिनमध्ये कोणी पाहुणा आला की मी त्याला पूलबेगच्या लाल-पांढऱ्या धुराड्यांजवळून थेट समुद्रात घुसणाऱ्या दगडी धक्क्यावर फिरायला नेतो. वाटेत रिंग्सेंडचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र लागतं. देशातल्या सांडपाण्याचा साधारण 40 टक्के भार हे एकटं केंद्र उचलतं. त्यात त्या दिवशी वारा उलटा. बाबांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "हे दाखवायला आणलंस होय रे?"

खरं सांगायचं तर हो! गावाची तब्येत गटारात कळते, आणि ती तिथे वाचायची युक्ती शोधण्यात या बेटाचा मोठा वाटा आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेलफास्टमध्ये टायफॉइड ठाण मांडून होता. तिथल्या क्वीन्स विद्यापीठातल्या विल्यम जेम्स विल्सन यांची अडचण अशी, की सांडपाण्यात जंतू अब्जावधी आणि त्यात टायफॉइडचे मूठभर. ते हुडकायचे कसे? 1920च्या दशकात त्यांनी ब्लेअर या सहकाऱ्यांसोबत बिस्मथ सल्फाइट घातलेलं एक खाद्य बनवलं. इतर बहुतेक जंतू त्यावर वाढतच नाहीत, टायफॉइडचे मात्र काळ्या चकचकीत ठिपक्यांसारखे उठून दिसतात. 1928 साली विल्सननी सांडपाण्यातून आणि शिंपल्यांतून टायफॉइडचे जंतू वेगळे काढून दाखवले. पुढे 1940च्या दशकात इंग्लंडात मूर नावाच्या गृहस्थांनी गटारांत कापडाच्या गुंडाळ्या टांगल्या, आणि जंतू सापडेल त्या फाट्यानं मागे मागे जात रोग पसरवणाऱ्याचा माग काढला. अगदी गुप्तहेरी!

आज शोध टायफॉइडपेक्षा वेगळ्याच गोष्टीचा आहे, पण युक्ती तीच. खाद्यात अँटिबायोटिक घालायचं आणि त्यातूनही कोण जगतं ते बघायचं. हॉस्पिटलात तपासणी होते ती आजाऱ्याची. धडधाकट माणसाच्या पोटात बसलेला चिवट जंतू तिथे कळत नाही, गटारात कळतो.

2016-17 मध्ये गॉलवेच्या संशोधकांना आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात आणि सांडपाण्यात असे जंतू सापडले. ओढ्यातला, गटारातला आणि एका माणसाकडून मिळालेला ई-कोलाय तपासणीत एकसारखेच निघाले. तेव्हा इथल्या बऱ्याच गावांचं सांडपाणी काहीही प्रक्रिया न होता समुद्रात जात होतं (श्रीमंत युरोप, बरं का). त्याच वर्षी, ऑक्टोबर 2017 मध्ये, हॉस्पिटलांत पसरणाऱ्या याच गटातल्या जंतूंमुळे आयरिश सरकारनं सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली.

त्या जंतूंकडे शेवटचा उपाय म्हणून राखलेली कार्बापेनेम औषधं तोडणारं एक एन्झाइम होतं. त्याचं नाव एनडीएम. यातला 'एनडी' म्हणजे न्यू डेल्ही! वाचून मला ऑफिसात उगाचच अवघडल्यासारखं झालं. 2008 साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाकडे ते पहिल्यांदा सापडलं, त्याआधी त्याच्यावर दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून हे नाव. आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता! राग रास्तच होता. पण 2011 साली दिल्लीतल्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 आणि रस्त्यांवर-गल्ल्यांत साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत एनडीएमचं जनुक निघालं. नावावर भांडताना आपण हे आकडे बाजूला ठेवले, असं मला वाटतं. हे जनुक एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जातं, मग माणसाच्या पोटातून विमानानं कुठेही. मी स्वतः दर दोन वर्षांनी पुण्याला जाऊन येतो. गॉलवेच्या पाण्यात काय काय मिसळतं, त्यात माझाही हिस्सा असणारच.

घरी आल्यावर बाबांचा घसा धरला. इथला डॉक्टर सर्दीला अँटिबायोटिक देत नाही, हे त्यांना माहीत होतं, म्हणून आईनं बॅगेत पट्टी घालूनच दिली होती. माझं न ऐकता त्यांनी दोन गोळ्या घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटल्यावर थांबले.

"उरलेल्या तीन संडासात टाकू का?"

"बाबा, तिथे तर अजिबात नको," म्हणत मी पट्टी त्यांच्या हातातून घेतली आणि संध्याकाळी फार्मसीत नेऊन दिली.