कोल्हापूरची वसतिगृहे

खेड्यातून शिकावयास आलेल्या मुलास शहरात फीपेक्षाही निवाऱ्याची विवंचना अधिक असे. कारण जात विचारल्यावाचून खोली मिळत नसे. ही अडचण ओळखून राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींसाठी एकत्र वसतिगृह काढले. परंतु मागासलेल्या जातींच्या मुलांना तेथे थारा मिळेना. म्हणून १९०१ मध्ये मराठा व जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य गणलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वसतिगृहे निघाली. पुढे दसरा चौकाच्या परिसरात जैन, लिंगायत, मुस्लिम ही वसतिगृहे एकमेकांच्या शेजारी नांदली. निवारा ज्ञातीच्या नावाने मिळाला, तरी शेजार सर्वांचा लाभला. ज्ञातिबांधवांनी शहरात मुलांसाठी जागा पाहताना छपराबरोबर असा शेजारही पाहावा.