'तीनशे पंधरा'ची कुळकथा

बडोद्याच्या मांडवीजवळ घडियाळी पोळीत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना शिकारीच्या गोष्टी वारशानेच मिळाल्या. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६४ साली, लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी येथे आला होता. काळविटावर शिकवलेले चित्ते सोडण्याचा दरबारी खेळ त्याने लिहून ठेवला आहे. चित्ते गेले, दरबारही गेला. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात मात्र एक आकडा टिकून राहिला : 'तीनशे पंधरा'. त्याच जनावराला आम्ही काळवीट म्हणायचे आणि शेजारच्या गुजराती घराने काळियार. बंदुकीचे नाव दोन्हीकडे एकच.

या आकड्याचे माहेर ऑस्ट्रियात आहे. १८८८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेने आपल्या मानलिखर रायफलीसाठी ८ मिलिमीटरचे काडतूस स्वीकारले. इंचात मोजले तर ०.३१५. आरंभी त्यात काळी दारू भरीत. तिचा धूर इतका की एका बारानंतर समोरचे दिसेनासे व्हावे. १८९० साली बिनधुराची दारू आली आणि तेच काडतूस नव्याने जन्मले. पुढे १९३० नंतर ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांनी ते टाकून लांब काडतूस घेतले.

मग माहेरी टाकलेले हे काडतूस हिंदुस्थानात इतके कसे रुजले? गुण पाहून नव्हे, कायद्यामुळे! फौजेची काडतुसे चोरीला जाऊन लोकांच्या बंदुकीत भरली जातील, ही धास्ती इंग्रज सरकारला सदैव असे. १९०७ साली ०.४५० बोअरच्या रायफली येथे आणण्यास मनाई झाली. विलायतेतील कारखानदारांनी लगोलग ०.४६५, ०.४७०, ०.४७५ असे शेजारचे बोअर पुढे केले. साहेबांचे आणि राजेरजवाड्यांचे त्यावर भागले. बेताच्या ऐपतीच्या शिकाऱ्याचे काय? फौजेची ०.३०३ त्याला वर्ज्य. तेव्हा इथल्या फौजेत कोठेही नसलेले हे ऑस्ट्रियन काडतूस पुढे आले. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली पद्धतीच्या खटक्याची रायफल त्यासाठी बनवली. गोळीही बदलली. फौजी गोळीवर पूर्ण धातूचे कवच असते. ती आरपार जाते आणि जखमी जनावर रानात तडफडत राहते. शिकारीच्या गोळीचे टोक मऊ शिशाचे ठेवतात, ते आत शिरून पसरते. जुन्या बोअरचे खरे आधुनिकीकरण ते हेच.

तरी तिला उत्तम म्हणवत नाही. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम, ०.३०३ ची फौजी गोळी १७४ ग्रेनची. जड आणि मंद, लांबवर लवकर खाली येणारी. पण परवान्यावर मिळे ती हीच.

स्वातंत्र्यानंतर हत्यारांचा नवा कायदा १९५९ साली झाला, परंतु फौजी बोअर नागरिकांना निषिद्धच राहिले. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ०.३१५ ची रायफल तयार होऊ लागली आणि काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीत. त्यांच्या बुडावर 'केएफ', म्हणजे किरकी फॅक्टरी, हा ठसा असतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व आटोपले. बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड तोवर जागतिक वन्यजीव निधीच्या भारतीय शाखेचे अध्यक्ष झाले होते. ज्या घराण्याच्या चित्त्यांचे रूसलेने वर्णन केले, त्याच घराण्यातले ते!

काळवीट वाचले, बोअरची मात्र अब्रू गेली. काडतूस सहज हाती लागते म्हणून उत्तर प्रदेश-बिहारकडे त्याच मापाचे गावठी कट्टे बनू लागले. आज 'तीनशे पंधरा' हा शब्द वर्तमानपत्रात येतो तो खुनाच्या पंचनाम्यात, आणि तेथे सापडलेल्या रिकाम्या पुंगळीवर बहुधा खडकीचा ठसा असतो.